जोडलेलं हाये, पण लागत नाई

प्रति,
कॉम्प्युटरच्या पोटातली सारी व्यवस्था पाहणाऱ्या कंपनीचे सर्वांत मोठे साहेब

विषय : लॅपटॉपचं झाकण लावून उघडलं की नेट जातं, त्याबद्दल. (विषय पहिल्या दिवसापासून हाच आहे. आपल्या माणसांनी सात महिन्यांत तो दोनदा बदलला.)

स.न.वि.वि.

मी मूर्तिजापूरला ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पीकविमा. एका अंगाला अमरावती, दुसऱ्या अंगाला अकोला, मधे आम्ही आणि आमच्या टेबलावर आपली कृपा.

३१ जुलै ही खरीप पीकविम्याची शेवटची तारीख. बाहेर पाऊस, आत बाकावर अकरा जण. चहा आला. तो सांडू नये म्हणून मी झाकण लावलं, हा माझा गुन्हा. चहा संपवून उघडलं, तर कोपऱ्यात वायफायच्या काड्या भरलेल्या. टिचकी मारली. 'कनेक्टेड'. त्याच्या खाली बारीक अक्षरांत 'नो इंटरनेट'. समोरच्या काकांच्या मोबाईलवर, माझ्याच वायफायवर, नातवानं पाठवलेला व्हिडिओ जोरात सुरू. त्यांना ओटीपीसुद्धा येऊन गेला. तो भरायला इथे पान उघडत नव्हतं.

"काऊन बाबू," काका म्हणाले, "माह्या मोबाईलात तं येऊन राह्यलं. मंग तुह्या डब्ब्यालेच काय झालं?"

राउटर ठीक, नेटवाल्या कंपनीची लाइन ठीक, दोष डब्ब्यात. चहाचा रिकामा कप उचलायच्या आधी झालेलं हे निदान आहे. आपले तज्ज्ञ अजून मला राउटर बंद करून चालू करायला सांगत आहेत.

दोष काय, ते मी शोधलं. नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, तोही मुदतीनं, मक्त्यानं वावर द्यावं तसा. झोपेतून उठलेल्या यंत्रानं राउटरला विचारायचं, 'माझा पत्ता तोच ना?' हे नियम १९९७ पासून लिहून ठेवलेले आहेत. आपला लॅपटॉप उठतो, विचारतो की नाही देव जाणे, उत्तर काही त्याच्यापर्यंत पोचत नाही, आणि मग १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता तो स्वतःच लावून बसतो. ही सोयही नियमातलीच. राउटर नसेल तर दोन यंत्रांना आपसात बोलता यावं म्हणून केलेली. पण त्या पत्त्यावरून गावाबाहेर रस्ता नाही. बोलावणं नसताना फेटा बांधून मांडवात बसलेला पाहुणा, असा प्रकार. पिंग करून पाहिलं. पिंग म्हणजे धुऱ्यावरून शेजारच्या वावरात हाक मारायची आणि 'ओ' येतो का ऐकायचं. १९८३ साली माइक म्यूस नावाच्या माणसानं केलेली साधी युक्ती. हाताच्या अंतरावर ठेवलेल्या राउटरनं 'ओ' दिला नाही. सारं बंद करून पुन्हा सुरू केलं की पाच-सहा मिनिटांत लॅपटॉप शहाण्यासारखा वागतो, पुढच्या चहापर्यंत.

त्या 'कनेक्टेड' शब्दाचा मला जास्त राग आहे. अकोल्याच्या माणसाला नळ जोडलेला असणं आणि नळाला पाणी असणं यातला फरक शिकवावा लागत नाही. पण कोरड्या नळावर हिरवी खूण करून 'जोडणी यशस्वी' असं आमच्याकडे कुणी लिहीत नाही.

तक्रार करायची म्हटलं तर आपलं तक्रारीचं ॲप नेटशिवाय उघडत नाही. मोबाईलवरून तक्रार टाकली, तर उत्तर आलं की बिघाड चालू असतानाच त्याच यंत्रावरून ३८० एमबीची निदान फाइल पाठवा. मी ती पेन ड्राइव्हवर घेऊन शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठवली. त्यावर विचारणा झाली, 'फाइल दुसऱ्या उपकरणावरून का आली?'

एका बाईंनी मात्र कामाचं सांगितलं : वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड बंद करायची परवानगी देणारी खूण काढून टाका. काढली. दोन दिवस सुखाचे गेले. मग आपला अपडेट आला आणि खूण परत जागेवर बसली. त्या बाई पुन्हा भेटल्या नाहीत. पुढच्यानं 'नमस्कार, मी आपली कशी मदत करू?' इथून सुरुवात केली आणि शेवटी केस 'समाधान झाले' म्हणून बंद केली.

मग शेवटचं अस्त्र : उपकरण सहा वर्षं जुनं आहे. साहेब, आमच्या गावातून यवतमाळ आणि अचलपूरकडे शकुंतला धावायची, नॅरोगेजवर. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं. १९९४ साली त्याच्या जागी डिझेल आलं. आता ती गाडीही बंद आहे, मान्य. पण सहा वर्षांना जुनं म्हणणाऱ्यानं मूर्तिजापुरात जरा जपून बोलावं. काम घाईनं होत नाही, हेही आम्हाला सांगू नका. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटर डांबरी रस्ता १०५ तास ३३ मिनिटांत झाला, गिनीजमध्ये नोंद झाली. मी एका लॅपटॉपपासून टेबलावरच्या राउटरपर्यंतचा रस्ता मागतोय.

आपलं ताजं पत्र म्हणतं, 'बिघाड आमच्या प्रयोगशाळेत दिसला नाही. तो पुन्हा घडवण्याच्या पायऱ्या कळवा.' कळवतो.

बडनेऱ्याला उतरा. अमरावतीत गिला वडा खा, त्याशिवाय पुढे येऊ नका. मग मूर्तिजापूर, तहसीलीकडे जाणाऱ्या कुणालाही दुकान विचारा. लॅपटॉप चालू असेल, नेटही असेल. चहा सांगतो. तो आला की आपल्या हातानं झाकण लावा. साखर जास्त आहे, पण प्या. घाई करू नका, दहा मिनिटं तरी जाऊ द्या. काका पावसाचं, सोयाबीनचं विचारतील, हो-हो म्हणा. मग झाकण उघडा. अपेक्षित निकाल : पान उघडेल. प्रत्यक्ष निकाल : काका थोडे सरकतील आणि बाकावर आपल्याला जागा देतील. नंबर बारावा.

आपला,
(आपल्या नोंदीप्रमाणे) समाधान झालेला ग्राहक