चाळा, मागवा आणि हळहळा

पुस्तकाचं एखादं दुकान बंद होणार अशी बातमी आली, की सुशिक्षित मराठी माणूस जेवढा हळवा होतो तेवढा तो मुलीच्या पाठवणीलाही होत नसेल. 'एका पर्वाचा अस्त' हे शीर्षक तर तयारच असतं. टी. एन. शानभाग यांनी 1948 साली सुरू केलेला मुंबईचा 'स्ट्रँड बुक स्टॉल' फेब्रुवारी 2018 मध्ये बंद झाला, तेव्हाही अश्रूंचा पुरवठा उत्तम होता. कमी पडली होती ती गिऱ्हाइकं. हळहळणाऱ्या प्रत्येकाने वर्षाला चार पुस्तकं दुकानातून घेतली असती तर हळहळण्याची वेळ आली असती का, हा हिशेब कोणी मांडत नाही. मांडायला बसलं की आरोपींच्या यादीत आपलंच नाव निघतं. त्यापेक्षा 'ऑनलाइनने खाल्लं' म्हणणं सोयीचं.

आपण हिशेब मांडूच. समजा पुस्तक 400 रुपयांचं आहे आणि प्रकाशकाने विक्रेत्याला 35 टक्के कमिशन दिलं. म्हणजे हाती आले 140 रुपये. त्यातून गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, नोकरांचे पगार आणि वर्षानुवर्षं फळीवर उभ्या असलेल्या प्रतींत अडकलेलं भांडवल. मोबाइलवर तेच पुस्तक 290 रुपयांत घरपोच. मग गिऱ्हाईक दुकानात येतं, पंख्याखाली अर्धा तास उभं राहून पहिलं प्रकरण संपवतं, मुखपृष्ठाचा फोटो काढतं, 'येतो पुन्हा' म्हणतं आणि पायरी उतरता उतरता ऑर्डर देतं. निवड दुकानाची, जोखीम दुकानाची, पंखा दुकानाचा. पैसे मात्र भलतीकडे. ते 140 रुपये म्हणजे निव्वळ नफा नव्हे. हजारो पुस्तकांतून शंभर निवडून समोर मांडण्याची आणि ती चाळू देण्याची ती मजुरी आहे. छापील किमतीत दडलेली असल्यामुळे ती कोणाला दिसत नाही, आणि न दिसणारी मजुरी बुडवताना आपल्याला चोरी केल्यासारखंही वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : 'सवलत काय ऑनलाइनवाल्यांनी शोधून काढली? स्ट्रँडसुद्धा 20 टक्के देत होतं.' देत होतं. पण ती सवलत पुस्तकांवरच पोट असलेल्या माणसाने स्वतःच्या पोटाला चिमटा काढून दिलेली होती. ॲमेझॉनने 1995 साली पुस्तकांपासून सुरुवात केली, फ्लिपकार्टनेही 2007 मध्ये तेच केलं. पुस्तक नासत नाही, फुटत नाही, मापात बसलं नाही म्हणून परत येत नाही. पायरी म्हणून उत्तम. त्या पायरीवरून चढून आज तिथे फ्रिजपासून गोवऱ्यांपर्यंत सगळं मिळतं. पुस्तकावरची सूट गोवऱ्यांवर भरून काढता येते. अप्पा बळवंत चौकातल्या विक्रेत्याला ती सोय नाही. त्याने काउंटरवर गोवऱ्या मांडल्या तर समीक्षकांचा गैरसमज होईल.

दुसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे : गडचिरोलीच्या वाचकाने काय करायचं? तालुक्याच्या गावी पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि अपेक्षित प्रश्नसंच. कादंबरी मागितली तर दुकानदार विचारतो, 'कितवीला आहे?' अशा ठिकाणी घरपोच पुस्तक हा उपकारच, तो मान्य. पण हा मुद्दा तावातावाने मांडणारे बहुधा दादरला किंवा डेक्कनला, दुकानापासून दहा मिनिटांवर राहतात; गडचिरोली त्यांना फक्त वादात लागते. शिवाय ऑनलाइन शोधायचं तर नाव आधी ठाऊक हवं, आणि ते रोमन लिपीत चढवलेलं असलं तर 'काळ' शोधताना 'काल' पुढ्यात येतो. दुकानातला मुरलेला माणूस 'निळं कव्हर, कोकणातली गोष्ट, बाईंनी लिहिलीय' एवढ्यावर शिडी लावतो.

'लोक वाचतच नाहीत' हा तिसरा आक्षेप साहित्य संमेलनातल्या ग्रंथदालनांच्या गर्दीपुढे टिकत नाही. फक्त जत्रा भरली म्हणून रोजचं देऊळ चालतं, असं नाही. उरला बाजाराचा नियम : स्वस्त देईल तो टिकेल. फ्रान्सने 1981 सालीच कायदा करून नव्या पुस्तकावरची सूट 5 टक्क्यांवर थोपवली. पुढे 2014 मध्ये सवलतीच्या जोडीला फुकट घरपोच देण्यावर बंदी आली, तर ॲमेझॉनने पोचवणावळ ठेवली एक सेंट! अखेर 2023 पासून 35 युरोंखालच्या मागणीवर किमान 3 युरो घ्यायची सक्ती झाली. दुकानाची मजुरी बाजार आपणहून देत नाही, हे तिथल्या सरकारने ओळखलं. आपल्याकडे भाषेला अभिजात दर्जा मिळाला. त्या भाषेतलं पुस्तक जिथे उभं राहतं त्या फळीचं भाडं कोणी द्यायचं, हा प्रश्न मात्र अजून अभिजात झालेला नाही.

तोवर दुकानदारांना एक सूचना. दळणावळ असते, धुणावळ असते, तशी चाळणावळ सुरू करा. दारात पाटी लावा : 'चाळणावळ अर्ध्या तासाला 20 रुपये. पुस्तक घेतल्यास बिलातून वजा.' मजुरी एकदाची उघड दिसेल. पण त्यानेही फार काही होईल अशी आशा नको. पहिलं येणारं गिऱ्हाईक पाटीचा फोटो काढेल, 'पुणेरी पाट्या' म्हणून साऱ्या गटांत फिरवेल, आणि चाळणावळ कुठे स्वस्त मिळते ते तिथेच, पायरीवर उभं राहून, मोबाइलवर शोधेल.