तुरळक ठिकाणी अण्णा

आभाळाचं खातं आपल्याच ताब्यात आहे अशा थाटात वावरणारा एक गृहस्थ प्रत्येक गावात असतो. वाईत आमच्या आळीला अण्णा लाभलेत. नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. म्हणजे पाणी खाली आल्यानंतरचा हिशेब जन्मभर ठेवला. निवृत्तीनंतर ते वर चढले, इतकंच.

दर रविवारी सकाळी घाटाजवळच्या चहाच्या टपरीवर आठवड्याचा अंदाज जाहीर होतो. सोमवार-मंगळवार अण्णा छातीठोक सांगतात. बुधवारी आवाज जरा खाली येतो. गुरुवारपासून ‘परिस्थिती अनुकूल राहिल्यास’ सुरू होतं आणि शनिवारपर्यंत पोचता पोचता हा विज्ञाननिष्ठ माणूस देवावर हवाला ठेवून मोकळा होतो.

त्यांचा खरा हंगाम चैत्र-वैशाख. जुलैत त्यांना कोण विचारणार? पण वळवाच्या दिवसांत कुणाची हळद वाळत पडलेली असते, कुणाच्या मुलीचं लग्न उघड्या लॉनवर ठरलेलं असतं. “अण्णा, उद्या कुरडया घालू का?” या प्रश्नाला हो किंवा नाही, एवढंच उत्तर हवं असतं. अण्णा ढग कसा तयार होतो तिथपासून सुरुवात करतात.

आणि सांगतात मात्र बिनचूक, हे मान्य करायला हवं. टपरीवरच्या उकळत्या किटलीकडे बोट दाखवून विचारतात, “तोटीच्या तोंडाशी काय दिसतंय?”

“वाफ.”

“साफ चूक! तोंडाशी बोटभर काहीच दिसत नाही, ती वाफ. त्याच्यापुढे पांढरं दिसतं ते पाणी. बारीक बारीक थेंब. तोच ढग.”

मी वाकून पाहिलं. तोटी आणि पांढरा लोट यांच्यामध्ये खरंच एक रिकामी जागा होती. त्या टपरीवर इतका चहा प्यायलो, पण तिकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

मग अण्णा किटलीवरून आभाळात जातात. ऊन तापलं की जमिनीलगतची हवा तापून वर निघते. वर दाब कमी, म्हणून ती फुगते आणि फुगता फुगता निवते, किलोमीटरमागे साधारण १० अंशांनी. एका उंचीवर तिला आपल्यातली वाफ सांभाळवेनाशी होते. मग धूळ म्हणा, धूर म्हणा, समुद्रावरून आलेलं मीठ म्हणा, जो कण सापडेल त्याला धरून वाफेचं पाणी होतं. ही उंची आसपास सगळीकडे जवळजवळ एकच असते, म्हणून दुपारच्या ढगांची बुडं एका पातळीत सपाट दिसतात. पाणी होताना उष्णता सुटते, त्या बळावर ढग आणखी चढतो. वळवाचा दांडगा ढग बारा-पंधरा किलोमीटरही गाठतो. पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले दहा लाखांच्या आसपास थेंब एकत्र यावे लागतात. “दहा लाख!” अण्णा म्हणतात, “आपल्या आळीत गणपतीच्या वर्गणीला दहा माणसं एकत्र येत नाहीत.”

एवढं होईपर्यंत विचारणाऱ्या वहिनींचा गव्हाचा चीक घरी पातेल्याला लागलेला असतो.

पाऊस आला तर अण्णांचं “म्हटलं होतं ना?” एवढ्यावर भागतं. नाही आला की ते खरे खुलतात, कारण न येण्याला कारणं असतात. वारा फिरला, वरच्या थरात उबदार हवा बसली, कोरड शिरली. शिवाय महाबळेश्वर आहेच. तिथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि घाट उतरून तासाभरात वाईला यावं तर हजाराच्याही आत. डोंगर चढताना ढग बरसून घेतो, आपल्याकडे उतरताना हवा पुन्हा तापते आणि उरलासुरला ढग विरून जातो. हे सांगताना अण्णांचा स्वर भाऊबंदकीतला असतो. अगदीच कोंडीत सापडले तर हुकमी पान निघतं: “मी ‘तुरळक ठिकाणी’ म्हटलं होतं. वेधशाळेच्या हिशेबात २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पडला तर तो तुरळक. तुम्ही तुरळकात नव्हता, त्याला मी काय करू?”

पुण्याला गेले की सिमला ऑफिस चौकात ते चपला काढायच्याच बाकी ठेवतात. १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं आणि १९४४ साली दिल्लीला गेलं. अंदाज बिघडायला तेव्हापासूनच सुरुवात झाली, असं त्यांचं मत आहे. नक्षत्राचं वाहन म्हैस की बेडूक यावर पाऊस ठरवणाऱ्यांना ते चारचौघांत हसतात आणि घरी पंचांगात वाहन बघून ठेवतात.

गच्चीवर त्यांचा पर्जन्यमापक आहे. म्हणजे काकूंचा मेतकुटाचा सरळ काठांचा स्टीलचा डबा आणि एक फूटपट्टी. शेजारचे बापू एकदा म्हणाले, “मोठं पातेलं ठेवा की, जास्त पाऊस मावेल.” तोंड आणि बूड सारखं असलं की भांडं केवढंही असो, पाण्याची उंची तीच भरते, हे बापूंना पटवण्यात अख्खी दुपार गेली. मोजणी सकाळी साडेआठलाच, कारण खातंही साडेआठलाच मोजतं.

गेल्या चैत्रात “मंगळवार कोरडा, लिहून घ्या” असं अण्णांनी सांगितलं आणि बापूंनी शिजवलेली हळद अंगणभर पसरली. चारच्या सुमाराला भरून आलं. ताडपत्री सापडेपर्यंत अंगणातून पिवळे ओहोळ रस्त्याला लागले होते. आता अण्णा आठवडाभर तोंड दाखवणार नाहीत, अशी आम्हा सगळ्यांची अटकळ. पण बुधवारी साडेआठ वाजून पाच मिनिटांनी ते स्वतःच बापूंच्या दारात हजर! दोन्ही हातांत डबा जपून धरलेला आणि चेहऱ्यावर नातू झाल्याचा आनंद.

“बापू, चौदा मिलिमीटर! म्हणजे चौरस मीटरला चौदा लिटर. आता मला फक्त एवढं सांगा, तुमची हळद किती चौरस मीटर होती?”