श्री. स्निप यांना अनावृत पत्र

रा. रा. स्निप, मु. पो. विलायत, यांसी
स. न. वि. वि.

लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा आपली पहिली भेट झाली. दुकानाच्या काचेत एका कोटावर पाटी होती : ‘अ स्निप ॲट ४० पौंड’. माझ्या शाळेतल्या इंग्रजीत स्निप म्हणजे कात्रीची कच्च. लेक म्हणाली, “आई, इथे त्याचा अर्थ स्वस्तात मस्त.” ४० पौंड म्हणजे चार हजारांच्या वर, आणि म्हणे स्वस्त! आमच्याकडे खिशाला कात्री लागते ती महागाईनं. तुमच्या कात्रीनं खिसा वाचतो, हे पचायला जडच गेलं. तरी नवा शब्द शिकले म्हणून खूश होते.

ती खुशी दुसऱ्या दिवशीच उतरली. कुंपणापलीकडचे आजोबा सांगत होते, की त्यांच्या थोरल्यानं नुकतंच ‘स्निप’ उरकून घेतलं. मी उत्साहानं विचारलं, “कितीला पडलं?” आजोबा गोरेमोरे. म्हणाले, “फुकट. सरकारी दवाखान्यात.” मी म्हटलं, “अगबाई! मग आमच्या ह्यांच्यासाठीही एक बघा की!”

लेकीनं मला दंडाला धरून घरात नेलं. ‘अ’ लावला तर सौदा, ‘द’ लावला तर नसबंदी. अहो, आमच्या भाषेला ‘अ’ही नाही नि ‘द’ही नाही. एवढ्याशा अक्षरावर पुरुषाचं पुढचं आयुष्य टांगून ठेवताना तुम्हाला काहीच कसं वाटलं नाही? बरं, तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेत हे काम बहुतेकदा खरोखरच मोफत होतं. म्हणजे दोन्ही अर्थांनी स्निपच!

तुमचं घराणं जुनं, डच किंवा लो जर्मन मुलखातून आलेलं, असं कोशवाले सांगतात. घोड्यांच्या शर्यतीत खात्रीचा डाव म्हणूनही तुम्ही मिरवलात. अटलांटिकपलीकडे मात्र तुमची पत नाही. तिथे स्निप म्हणजे आगाऊ कार्टं. स्वस्त सौद्याला अमेरिकन माणूस ‘स्टील’ म्हणतो, म्हणजे सरळ चोरी. निदान प्रामाणिकपणे चोर म्हणवून घेतो! तुम्ही कात्री लपवून गिऱ्हाइकाकडे बघून हसता.

विलायतेतल्या पेपरवाल्यांनी तर तुमची पार चेष्टा मांडली आहे. ३० लाख पौंडांचं घर छापायचं आणि वर लिहायचं, ‘स्निप!’ तुम्हाला राग कसा येत नाही? का आता तुम्हालाही तसलीच घरं परवडतात?

तो कोट मी अखेर घेतला. पुण्यात एकदाही घालता आला नाही. ह्यांनी किंमत विचारली, तर मी तुमचंच नाव सांगितलं. ते तेव्हापासून जरा जपूनच वागतात.

कळावे. लोभ असावा, हे तुम्हाला वेगळं लिहीत नाही. तुमचं दुकान त्याच्यावरच चालतं.

आपली,
एक गिऱ्हाईक