बिल्ड बसलं तर काय करावं? मुरुडच्या नवशिक्यांसाठी

लागणारं साहित्य: एक जुना कॉम्प्युटर, सीनियरने कधीकाळी लिहिलेली मेकफाइल, चार्ज केलेला मोबाईल (लाईट जाणारच आहे) आणि उद्या सकाळच्या बसने लातूरला नेऊन द्यायचा प्रोजेक्ट. वेळ रात्री साडेअकराची निवडावी. दिवसा बिघडलेलं बिल्ड कोणी मनावर घेत नाही.

'मेक' टाइप करून एंटर दाबा. पडदाभर ओळी धावतील. त्या वाचायच्या नाहीत. सगळ्यात खालची, 'एरर 2' लिहिलेली ओळ तेवढी फोटो काढून ग्रुपवर टाका. आत काहीतरी फसलं, एवढंच ती ओळ सांगते. काय फसलं ते वर, पहिल्या एररमध्ये असतं. ते वाचलं तर ग्रुपची गरजच उरणार नाही, म्हणून वर जाऊ नका. कोणी सांगेल 'रिस्टार्ट कर', कोणी 'उबंटू परत टाक', आणि पुण्याहून एखादा दादा 'माझ्याकडे तर चालतंय' असं कळवेल. बारावीला प्रश्नपत्रिका ओळ न् ओळ वाचणारी पोरं पडद्यावरची पहिली एरर का वाचत नाहीत, हे कोडं लातूर पॅटर्नलाही सुटलेलं नाही.

पुढे 'मिसिंग सेपरेटर' दिसेल. दादाने चॅटवर पाठवलेली ओळ तुम्ही जशीच्या तशी चिकटवली, त्यात टॅबच्या जागी स्पेस आल्या. डोळ्यांना दोन्ही सारखेच, मेकला मात्र कमांडच्या आधी टॅबच लागतो. हा हट्ट 1976चा. बेल लॅब्जमधल्या स्टुअर्ट फेल्डमनने मेक लिहिलं. टॅबची अडचण लक्षात आली तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, त्यांचं काम मोडायला नको म्हणून त्याने नियम तसाच ठेवला. डझनभरांची सोय झाली, बाकी जगाची रात्र गेली. 'कॅट माइनस ए' करून फाइल पाहिली तर टॅबच्या जागी टोपीवाला 'आय' दिसतो. ओळीच्या शेवटी टोपीवाला 'एम' दिसला तर फाइल विंडोजमधून आली आहे. शेल स्क्रिप्टमध्ये हाच एम शिरला की समोर असलेली स्क्रिप्ट 'नो सच फाइल' म्हणत बसते, कारण ती एम लागलेल्या नावाचा बॅश शोधत असते. 'डॉस-टू-युनिक्स' चालवलं की एम जातो, पण इतक्या लवकर सुटलं तर सीनियरला शिव्या कधी देणार?

आता खास आपल्याकडचं प्रकरण. मदरबोर्डवरचा सेल मेलेला असतो. लाईट जाते, येते, आणि कॉम्प्युटर उठतो तो थेट 2015 सालात. नेट असतं तर तारीख आपोआप सुधारली असती. पण लाईटबरोबर नेटही गेलेलं. तुम्ही कोड दुरुस्त करून सेव्ह करता, फाइलवर शिक्का पडतो 2015चा. मेकला कोड कळत नाही, तारखा कळतात. सोर्स फाइल नवी आणि ऑब्जेक्ट फाइल जुनी, तरच ते कामाला लागतं. इथे उलटं दिसतं, म्हणून ते शांतपणे 'अप टू डेट' म्हणतं. कधी 'क्लॉक स्क्यू डिटेक्टेड' अशी सूचनाही देतं, पण सूचना वाचायच्या नाहीत हे आपलं आधीच ठरलंय. तुम्ही तीच ओळ पुन्हा बदलता, पुन्हा चालवता, आउटपुट कालचंच. मौज म्हणजे फेल्डमनच्या एका सहकाऱ्याने आधीच दुरुस्त केलेला, पण पुन्हा कंपाइल न झालेला प्रोग्रॅम तपासण्यात अख्खी सकाळ घालवली होती. मेकचा जन्म त्यातूनच झाला.

इलाज स्वस्त आहे. 2032 नंबरचा सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो. मात्र तारीख नीट केली तरी बदललेल्या फाइलवरचा जुना शिक्का तसाच राहतो, म्हणून त्या फाइलला एकदा 'टच' करावं किंवा 'मेक क्लीन' करून सगळं नव्याने बांधावं. क्लीनआधी 'मेक माइनस एन क्लीन' करा. कोणत्या कमांड चालतील ते नुसतं छापून येतं. क्लीनमध्ये कोणी 'आरएम माइनस आरएफ' कुठे रोखून ठेवलंय, ते आधी कळलेलं बरं.

यातलं काहीच जमलं नाही तर रामबाण उपाय: प्रत्येक कमांडपुढे 'ऑर ट्रू' जोडा. कमांड फसली तरी स्क्रिप्ट पुढे जाते, एक्झिट कोड शून्य येतो. शेवटी 'बिल्ड सक्सेसफुल' असा एक इको टाका, जमल्यास हिरव्या रंगात. 'सेट माइनस ई' लिहून पहिल्याच चुकीला स्क्रिप्ट थांबवणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका.

सकाळी परीक्षकांना हिरवी ओळ दाखवा. त्यांनी प्रोग्रॅम चालवून दाखवायला सांगितलं, तर म्हणायचं, "सर, रात्री चालत होता, लाईट गेली."