पाथर्डीचा कानसेन

तालुक्याच्या गावात उंची हेडफोनचा शौकीन ओळखायचा तो त्याच्या तक्रारींवरून. चहाच्या टपरीवर नवीन गाणं लागतं, चारजण "भारी वाजतंय राव" म्हणून मोकळे होतात, आणि हा मान किंचित तिरकी करून सांगतो, "चाल बरीय, पण मिक्सिंगची पार माती केलीय. बास पसरलाय, आवाजाला हवाच नाही." टपरीवाल्याच्या स्पीकरचा कागद फाटलाय, ही बाब त्याच्या लेखी किरकोळ. पाथर्डीत असा माणूस शोधायला फार फिरावं लागत नाही. वय पस्तीस ते पन्नास; बँकेत, शाळेत किंवा पंचायत समितीत नोकरी, नाहीतर बी-बियाण्यांचं दुकान; घराचे हप्ते संपत आलेले; आणि कपाटात, ठेवणीतल्या साड्यांच्या मागे, जर्मन कंपनीचा एक हेडफोन. बहुधा सेनहायझरचा एचडी ६००, १९९७ पासून बाजारात असलेला, वीस-तीस हजारांच्या घरातला. घरी सांगितलेली किंमत साडेतीन हजार. याला आपण कानसेन म्हणू. त्याची टिंगल करणं सोपं आहे आणि ती मी करणारच आहे. पण माझं म्हणणं असं की कानसेनाला जे ऐकू येतं ते बऱ्याचदा खरं असतं, फक्त त्याचं श्रेय तो भलत्याच खात्यावर जमा करतो. हेडफोनला वीस हजार मोजले म्हणून हा पठ्ठ्या तासभर गप्प बसून ऐकतो, आणि गप्प बसून ऐकल्यावर जे कळतं ते सगळं तो हेडफोनच्या नावावर लिहितो.

मुळात त्याचं मत हेडफोनच्या आधी घरात आलेलं असतं. पाथर्डीत ही वस्तू कानाला लावून बघायची सोय नाही. मोबाइलच्या दुकानात काचेमागे नेकबँड आणि दोनशे-तीनशेचे इअरफोन टांगलेले. नगर पन्नासेक किलोमीटर, आणि तिथेही दुकानदार आधी ब्लूटूथचाच डबा पुढे करणार. म्हणजे न ऐकता घ्यायचं, आणि न ऐकता घ्यायचं म्हणून सहा महिने वाचायचं. पार्सलची चिकटपट्टी निघायच्या आत त्याला पाठ असतं की मधले स्वर गोड आहेत, बास कमी पण खरा आहे आणि 'स्टेज' अंमळ अरुंद आहे. कानांनी फक्त खाली सही करायची. मग पहिलं गाणं लागतं ते ईगल्सचं 'हॉटेल कॅलिफोर्निया', तेही १९९४च्या मैफलीतलं, कारण जगभरच्या हायफाय दुकानांत तेच लावतात. सुरुवातीची गिटार, मग तो घुमणारा ढोल. ढोल वाजला की गाणं बंद. समोर पाहुणा असेल तर हेडफोन त्याच्या डोक्यावर चढवून विचारतो, "लागला का पोटात?" पाहुणा भिडेखातर हो म्हणतो. शब्द सुरू होईपर्यंत हे गाणं ऐकलेला कानसेन विरळा. नंतर 'बर्न-इन' येतं, म्हणजे नवा हेडफोन शंभर तास वाजता ठेवून मुरवायचा. चार-पाच दिवस कपाटातून बारीक खसखस ऐकू येत राहते आणि घरच्यांना उंदराची शंका येते. शंभर तासांनी आवाज "मोकळा" झाल्याचं तो जाहीर करतो. हेडफोनच्या आतल्या पडद्यात होणारा हा बदल मोजायला गेलं तर इतका बारीक निघतो की हेडफोन काढून पुन्हा घालताना तो कानावर चार मिलिमीटर इकडेतिकडे बसला तरी त्याहून जास्त फरक पडतो. त्या दिवसांत मुरतात ते त्याचे कान.

यावर तो म्हणेल, कानाला कळतं ते यंत्राला कळत नाही. ठीक, आधी यंत्राचं ऐकू, मग कानाचं. २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांचा स्वरपट्ट्यांचा प्रतिसाद, म्हणजे खालच्या-वरच्या पट्टीतले स्वर कोणता किती उचलतो ते, त्यांच्या किमतीशी ताडून पाहिलं आणि दोघांचा एकमेकांशी संबंध सापडला नाही. आता कानाचं: त्याआधी २००७ साली अमेरिकेत मेयर आणि मोरन या दोघांनी जाणत्या श्रोत्यांना बसवून एक चाचणी घेतली होती: उच्च दर्जाचं ध्वनिमुद्रण एकदा जसंच्या तसं आणि एकदा साध्या सीडीच्या दर्जावर उतरवून ऐकवायचं, कोणतं कोणतं ते सांगायचं नाही. ५५४ वेळा विचारलं, २७६ वेळा उत्तर बरोबर आलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी तेवढंच आलं असतं. अशा चाचणीत दोन्हींचा आवाज काटेकोर सारखा ठेवावा लागतो, कारण जरासा मोठा वाजणारा नमुना माणसाला मोठा वाटत नाही, 'स्वच्छ' आणि 'भरदार' वाटतो. घरी ऐकताना जोरात वाजणाऱ्या वस्तूला हीच सवलत मिळते. एचडी ६०० तीनशे ओहमचा, मोबाइलवर दबका वाजतो; म्हणून कानसेन वेगळा अँप्लिफायर घेतो, त्याचा कान जोरात पिळतो, आणि दहा मिनिटांत निष्कर्ष काढतो की अँप्लिफायरने "पडदाच उचलला." पडदा तिथेच असतो, आवाज वाढलेला असतो.

आणि ही सगळी सूक्ष्म परीक्षा चालते कुठे, तर पाथर्डीत. स्टुडिओच्या या जातीच्या हेडफोनची पाठ उघडी असते. आतला आवाज बाहेर जावा आणि बाहेरचा आत यावा, अशीच त्याची रचना. भिंतींना कापूस भरलेल्या खोलीत ती गुणाची ठरते. इथे मात्र हवेशीर आवाजाच्या नावाखाली शेजारचा कुकर, उसाच्या गाडीवरचा टेप, नवरात्रात मोहट्याच्या देवीला पायी निघालेल्यांसाठी लावलेले कर्णे आणि इन्व्हर्टरची घुंई, सगळं त्या जाळीतून सरळ आत येतं. कानसेनाला यावर इलाज ठाऊक आहे: रात्री एकनंतर ऐकायचं. पण रात्रीही पंखा असतो. पंखा आणि हमरस्ता मिळून चाळीस डेसिबल धरा. सोळा बिटांच्या साध्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. तो हळू आवाज पंख्याच्या वर ऐकू यायचा तर मोठा आवाज १३६वर जाईल, आणि कान दुखायला १२० पुष्कळ होतात. तरी कानसेनाला चोवीस बिटच हवेत. तिथे अंतर १४४, म्हणजे बेरीज १८४, म्हणजे तोफेच्या तोंडाला कान लावणं. शिवाय फाइल १९२ किलोहर्ट्झची, जिच्यात ९६ हजार हर्ट्झपर्यंतचे स्वर मावतात. माणसाचा कान ऐन विशीत वीस हजारांपर्यंत जातो आणि पन्नाशीच्या वाटेवर पंधरा हजारांच्याही अलीकडे रेंगाळू लागतो. गाढवाचे कान आपल्यापेक्षा बरेच वरचे स्वर टिपतात. रंगपंचमीच्या सुमारास मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो; त्या बाजारातल्या कुठल्याही होतकरू गाढवाला त्या फायलीतलं कानसेनापेक्षा जास्त ऐकू येईल, आणि मत विचारलं तर तेही उंच पट्टीतच देईल.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड वाटतो: मग स्टुडिओतली माणसं अशी सामग्री का वापरतात? ती काय खुळी आहेत? मुळीच नाहीत, पण त्यांचं काम वेगळं आहे. सूप खडे काढायला असतं, त्यात कोणी ताट वाढून घेत नाही. सोनीचा एमडीआर ७५०६ हा १९९१पासूनचा हेडफोन स्टुडिओंत आणि चित्रीकरणाच्या जागी जिकडेतिकडे दिसतो तो गोड वाजतो म्हणून नव्हे. गायकाचा श्वास, खुर्चीची करकर, तारेतली खरखर तो बोट ठेवून दाखवतो. याहून मजेदार उदाहरण यामाहाच्या एनएस-१० स्पीकरचं. १९७८मध्ये तो घरगुती वापरासाठी आला आणि ऐकणाऱ्यांनी नाकं मुरडली. मग ध्वनिमुद्रकांच्या लक्षात आलं की याच्यावर बरं वाजलं ते कुठेही बरं वाजेल, आणि जगभरच्या स्टुडिओंत तो जाऊन बसला. वरचे स्वर फारच टोचायचे म्हणून लोक त्याच्या छोट्या कर्ण्यावर टिश्यू पेपर चिकटवत. म्हणजे ज्या 'स्टुडिओ' शब्दाला भुलून कानसेन पैसे मोजतो, तिथे एखादी वस्तू कधी तिच्या वाईटपणामुळेही पूज्य ठरते. स्टुडिओतलं हे हेरगिरीचं अवजार घरी आणून कानसेन आवडती गाणी ऐकतो आणि त्याला दोष दिसू लागतात यात नवल नाही. काही महिन्यांत त्याच्याजवळ ऐकण्यालायक गाणी चौदा उरतात, त्यांतली तीन स्वीडिश.

तर मग सगळे हेडफोन सारखेच, असा अर्थ कोणी काढू नये. फरक असतात आणि ते मोठे असतात. बास नुसता ढमढमणारा स्वस्त नेकबँड आणि समतोल वाजणारा हेडफोन यांतला फरक सांगायला कानसेन लागत नाही, शाळकरी पोरालाही कळतो. गादी कानाभोवती नीट टेकते की नाही, चष्म्याच्या काडीने फट पडते का, यावर बंद पाठीच्या हेडफोनचा खालचं सप्तक अवलंबून असतं. एचडी ६०० हा चांगलाच हेडफोन आहे. पाव शतक उगाच टिकलेला नाही. माझं भांडण त्याच्या पुढे जे सांगितलं जातं त्याच्याशी आहे. कानसेनाची आवडती साक्ष घ्या. तो सांगतो की भीमसेन जोशींची जी रेकॉर्ड वीस वर्षं ऐकली, तिच्यात मागे दोन तंबोरे आहेत आणि त्यांतल्या एकाची जवारी किंचित खुली आहे, हे हा हेडफोन आल्यावर कळलं. यात खोटं काही नाही. पण त्याला म्हणावं, आता दुकानातला तो तीनशेचा इअरफोन लावून तीच रेकॉर्ड ऐक. तंबोरे तिथेही असतात, दोन्ही. जवारीसुद्धा असते, थोडी मळकट. इतकी वर्षं ते ऐकू आले नाहीत कारण इतकी वर्षं भीमसेन दाढी करताना, गाडी धुताना आणि पेपर वाचताना गात होते. पहिल्यांदा दार लावून, दिवा मालवून, मोबाइल पालथा ठेवून ऐकलं ते वीस हजार खर्च झाल्यानंतर. आपल्याकडच्या जुन्या मंडळींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तीन-तीन मिनिटांची गाणी सुईच्या खरखरीसकट ऐकली आणि त्यांतल्या श्रुतींवरून आयुष्यभर वाद घातले. त्या तबकड्यांत ना खालचे स्वर धड उतरले होते ना वरचे.

यावर कानसेनाचा वकील म्हणेल, असेना का! पैशांनी आवाज मिळो वा एकाग्रता, मिळालं ना काहीतरी? तीनशेचा इअरफोन लावून कोण दार लावून बसतं? हा मुद्दा मला पटतो, आणि म्हणूनच मला हा माणूस आवडतो. त्याच गावात लग्नाच्या वरातीत डीजेसमोर छाती थरथरेपर्यंत उभे राहणारे शेकडो आहेत. त्यांच्या ऐकण्याबद्दल कोणी व्यक्तिचित्र लिहीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास सोसतो. वरातीतला आवाज तो कोटा मिनिटांत संपवतो. सबंध वरातीत कानात कापसाचे बोळे घालून चालणारा एकटा कानसेन असतो, आणि नवरदेवाच्या मामांना तो आजारी वाटतो. पैशांचं म्हणाल तर पंचायतीच्या निवडणुकीपेक्षा हा नाद कितीतरी स्वस्त. अडचण एवढीच की खरं कारण त्याला ठाऊक नसल्यामुळे औषध चुकतं. काही महिन्यांनी पुन्हा दाढी करताना ऐकणं सुरू होतं, तंबोरे पुन्हा हरवतात, आणि त्याला वाटतं आता वरचं मॉडेल घ्यायला हवं. मग जुना हेडफोन निम्म्या किमतीत शेवगावच्या नाहीतर बीडच्या दुसऱ्या कानसेनाकडे जातो. त्यालाही पहिल्या रात्री तंबोरे सापडतात.

सध्या त्याचं मन केबलवर बसलंय. शुद्ध चांदीची, दीड मीटर, किंमत जवळजवळ हेडफोनएवढीच. चांदीमुळे वरचे स्वर "रेशमी" होतात असं त्याच्या वाचनात आलंय. विहिरीवरच्या मोटरी भरून देणारा कारागीर गावातच आहे. आयुष्यभर तांब्याच्या तारेत हात घातलेला. तो सांगेल की असल्या दीड मीटर तारेचा विरोध ओहमच्या लहानशा अंशाएवढा, समोर हेडफोन तीनशे ओहमचा. तांब्याच्या जागी चांदी घातली तर त्या अंशातला आणखी एक छोटा अंश कमी होईल, आणि तो ऐकू येणारा माणूस अजून जन्माला यायचाय. कानसेन हे शांतपणे ऐकून घेतो, "सगळं आकड्यात मावत नाही हो मिस्त्री," असं म्हणतो आणि केबल मागवतो. पत्ता मात्र घरचा देत नाही, मित्राच्या दुकानाचा देतो.