झिजलेले शॉकअप

बारामतीहून इंदापूरला निघालं की आमची जुनी मारुती 800 बोलू लागते. स्पीडब्रेकरवर ‘खट्’ म्हणजे लोअर आर्मचं बुश, वळणावर ‘कट्’ म्हणजे बॉल जॉइंट. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला साइडपट्टीवर उतरलं, की दोन्ही एका सुरात!

फिटर म्हणाला, “भाऊ, शॉकअपही झिजलेत, जोडीनंच बदला. आणि नंतर अलाइनमेंट करा, नाहीतर गाडी एका बाजूला ओढेल.” अलाइनमेंट बिघडली की काय होतं, हे राजकारण पाहणाऱ्या आमच्या भागाला मोटारीवरून शिकायची गरज नाही.

धक्का झेलते स्प्रिंग, उसळी आवरतो शॉकअप. इथला माणूस दोन्ही कामं एकटा करतो. फरक इतकाच, शॉकअप संपला की तेल गळताना निदान दिसतं.