वडिलोपार्जित घर निवासव्यवसायासह विक्रीस काढण्याची शास्त्रोक्त पद्धती

कोकणातील वडिलोपार्जित घर विकणे आणि ते विक्रीस काढणे या दोन सर्वस्वी भिन्न विद्या असून, त्यांपैकी पहिली फारच थोड्या कुटुंबांस साध्य झालेली असल्यामुळे प्रस्तुत मार्गदर्शिकेत केवळ दुसरीचाच विचार केला आहे. ज्या गृहस्थाचे रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात जांभ्या चिऱ्याचे व मंगलोरी कौलांचे घर आहे, ज्याने त्या घराच्या पडवीला आडभिंती घालून आणि गोठ्यातील गव्हाणीच्या जागी वॉश-बेसिन बसवून मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांसाठी निवास व न्याहारीची सोय केली आहे, आणि ज्याला आता गुडघ्यांच्या, भाऊबंदांच्या किंवा वानरांच्या उपद्रवामुळे या साऱ्यातून मुक्त व्हावेसे वाटते, अशा सत्पात्र वाचकाने पुढील पायऱ्या क्रमाने चढाव्यात; मधली एखादी गाळल्यास घर खरोखरच विकले जाण्याचा संभव आहे.

पायरी पहिली : मालकांची शिरगणती

विक्रेत्याने सर्वप्रथम जमिनीचा सातबारा आणि घराचा ग्रामपंचायतीकडील नमुना आठचा उतारा काढून, चष्मा पुसून, तो स्वस्थपणे वाचावा. त्यात त्याला स्वतःचे नाव सापडेलच असे नाही. पणजोबांचे मात्र बहुधा सापडेल. पणजोबांनी खरेदीखतावर सही करण्यास नकार दिल्याचे उदाहरण अद्याप नमूद नसले, तरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत त्यांच्या वतीने त्यांचे समस्त वारस हजर व्हावे लागतात, आणि पणजोबांच्या काळी मनोरंजनाची अन्य साधने नसल्यामुळे ही संख्या उपेक्षणीय नसते.

या शिरगणतीत स्त्रियांस वगळण्याची जुनी चाल आता सोडावी. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कन्यांना सहदायिकीत पुत्रांइतकाच हक्क दिल्यापासून, ज्या आत्याला दर मे महिन्यात आंब्याची एक पेटी धाडून कुटुंब कर्तव्यमुक्त होत असे, तिला आता मसुद्याची प्रतही धाडावी लागते. आणि आत्या ती वाचते.

मध्येच एखादा अधीर हिस्सेदार ‘मी माझा हिस्सा परस्पर विकून मोकळा होतो’ अशी धमकी देईल. त्या धमकीने विचलित होऊ नये. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ४४ अन्वये, अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा परक्या माणसाने खरेदी केला, तरी त्यास इतरांबरोबर घराचा संयुक्त ताबा मागता येत नाही. म्हणजे त्या सद्गृहस्थाने सप्तमांश घर विकत घ्यावे, आणि वस्तीला यायचे झाल्यास वाटप होईपर्यंत रीतसर भाडे भरून गोठ्यातील खोलीत उतरावे. व्यवसायाच्या दृष्टीने याहून उत्तम हिस्सेदार मिळणे कठीण. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाचे कलम २२ तर याहूनही दूरदर्शी आहे, कारण मृत्युपत्रावाचून मागे राहिलेल्या स्थावराबरोबरच चालत्या व्यवसायाचाही त्यात विचार असून, निकटच्या वारसांपैकी एकाने आपला हिस्सा काढण्याचे मनात आणल्यास तो प्रथम घेण्याचा अधिकार उरलेल्यांना दिलेला आहे. हा अधिकार भाऊबंद क्वचितच बजावतात. त्याचे स्मरण मात्र प्रत्येक बैठकीत, चहा येण्यापूर्वी, करून देतात.

पायरी दुसरी : दप्तराची मांडणी

कागद दाखवताना ते सर्व दाखवावेत, परंतु एकाच वेळी दाखवू नयेत. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात आजोबांनी सोसायटीकडून घेतलेल्या, फेडलेल्या आणि तरीही नोंदीने जिवंत राहिलेल्या कर्जाचा बोजा असतो. विहिरीच्या पाण्यावर शेजाऱ्यांची वहिवाट असते. आणि मागील दारची पाणंद कोणाच्या हद्दीत, या प्रश्नावर दोन पिढ्यांचे अबोले पोसलेले असतात. शासकीय मोजणी मागवण्याचा मोह टाळावा. मोजणीने हद्द निश्चित होते हे खरे, पण निश्चित हद्दीवर भांडण्यात गावाला रस उरत नाही.

घराभोवतीची बाग शेतजमीन असेल, तर १९४८ च्या कुळकायद्याचे कलम ६३ आठवावे. त्यानुसार जो शेतकरी नाही त्याला सामान्यतः जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. त्यामुळे हिंजवडीतील ज्या अभियंत्याला निवृत्तीनंतर माती कसायची आहे, त्याला प्रथम आपण आधीपासूनच माती कसत असल्याचा दाखला आणावा लागतो. त्या शोधात त्याला स्वतःच्या विस्मृत आजोळचा, तेथील सातबाऱ्याचा आणि तेथील भाऊबंदांचा लाभ होतो, आणि वर्षभर त्याचा आपणांस उपद्रव होत नाही.

पायरी तिसरी : वर्णन

जाहिरातीत असत्य लिहू नये. सत्याची निवड करावी. एप्रिलात तळ दाखवणाऱ्या विहिरीस ‘पुरातन घडीव विहीर’ म्हणावे. मोबाइलला रेंज केवळ तुळशीवृंदावनाजवळ, तीही उत्तराभिमुख उभे राहिल्यास मिळत असेल, तर ‘मनःशांतीची हमी’ असे लिहावे. कौलांत नांदणाऱ्या धामणीचा उल्लेख ‘जैवविविधता’ या सदराखाली करावा. घर खोताचे असल्यास तसे ठळक अक्षरांत छापावे. १९४९ च्या कायद्याने खोती गेली असली तरी जाहिरातींतून ती अबाधित आहे, आणि पूर्वी ज्यांच्या पूर्वजांना त्या ओटीची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांचे वंशज आज त्याच ओटीवरील झोपाळ्यासाठी अधिक भाडे मोजतात, हा काळाने उगवलेला सूड मानावा की दुसरा खंड, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मुंबई–गोवा महामार्गापासूनचे अंतर किलोमीटरांत द्यावे, तासांत कदापि देऊ नये. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागल्यामुळे ‘स्थानक जवळ’ असे निःसंकोच लिहिता येते; आपल्याला हवी ती गाडी तेथे थांबते किंवा कसे, हा प्रवाशाच्या प्रारब्धाचा भाग आहे. घर सिंधुदुर्गात असेल, तर १९९७ साली या जिल्ह्यास पर्यटन जिल्हा म्हणून घोषित केल्याचे नमूद करावे. समुद्राबाबत मात्र संयम हवा. ‘लाटा उंबऱ्याशी’ असे लिहिताच गिऱ्हाइकाबरोबर सागरतट अधिसूचनाही धावत येते, जिने १९९१ साली भरतीरेषेपासून पाचशे मीटरांच्या पट्ट्यात नव्या बांधकामावर निर्बंध घातले आणि जी २०११ व २०१९ साली नव्याने काढण्यात आली. सबब ‘समुद्राची गाज ऐकू येते’ एवढेच म्हणावे, कारण गाजेचे अंतर मोजण्याची तरतूद कोणत्याही अधिसूचनेत नाही.

पायरी चौथी : व्यवसायाचा ताळेबंद

चालता व्यवसाय विकायचा म्हणजे हिशेब दाखवणे आले. दिवाळी, नाताळ आणि मे महिना यांचा जमाखर्च स्वच्छ अक्षरांत लिहावा. जून ते सप्टेंबर या काळात तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडत असल्याने ती पाने भिजली असे सांगितल्यास कोणी अविश्वास दाखवणार नाही. निवास व न्याहारी योजनेखालील नोंदणीपत्र चौकटीत लावून देवघराशेजारी टांगावे.

खर्चाच्या बाजूला एक नोंद मात्र कोणत्याही ताळेबंदात आढळत नाही. पहाटे पाचाला उठून घावने घालणारी, पाहुण्यांच्या मुलांसाठी कमी तिखटाची आमटी निराळी करणारी, सोलकढीसाठी नारळ खवणारी आणि संकष्टीला, कोणी सहज इच्छा प्रदर्शित केली म्हणून, एकवीस मोदक वळणारी घरची वहिनी ही पगारपत्रकात नसते, कारण ती घरची असते. फ्रिजचा घसारा धरतात. वहिनीचा धरीत नाहीत. पाहुण्यांच्या अभिप्रायवहीत तीन-चतुर्थांश पाने तिच्या हाताच्या चवीविषयी असतात, आणि ही वही हाच व्यवसायाचा नावलौकिक म्हणून गिऱ्हाइकापुढे ठेवला जातो. चाणाक्ष गिऱ्हाईक वही मिटवून विचारते, ‘स्वयंपाकाची बाई यातच धरली आहे ना?’ या प्रश्नाला उत्तर देण्याची घाई करू नये. वहिनी दाराआड उभी असते, आणि व्यवहार तिला नको असेल तर तो मोडण्यास आणि हवा असेल तर तो घडवून आणण्यास ती एकटी समर्थ आहे, हे कुटुंबास त्या दिवशी प्रथमच कळते.

पायरी पाचवी : गिऱ्हाइकाचा सत्कार

घर पाहू इच्छिणाऱ्यास ‘एका भेटीत वास्तू कळत नाही’ असे सांगून दोन रात्रींचे आगाऊ भाडे घ्यावे. हा या पद्धतीचा गाभा होय. सामान्य पर्यटक पावसाळ्यात फिरकत नाही. संभाव्य खरेदीदार मात्र गळती पाहण्यासाठी नेमका पावसाळ्यातच येतो, सोबत वास्तुतज्ज्ञ मेहुणा व संशयी सासरे आणतो, आणि सर्वजण दोन वेळ जेवतात. चार आठवड्यांनी तो पत्नीस घेऊन पुन्हा येतो, आणि तिला ओटी आवडते पण न्हाणीघराची पायवाट आवडत नाही, म्हणून शिमग्याला पालखी दारी येते तेव्हा तो तिसऱ्यांदा येतो. इतकी निष्ठा सुट्टीच्या गिऱ्हाइकांत नाही.

पायरी सहावी : किंमत

किंमत भाऊबंदांनी ठरवावी, म्हणजे ती कोणालाच परवडणार नाही. तथापि तिचा एक गुण विसरू नये. ज्या पुतण्याने न्यू जर्सीहून कौले परतण्यासाठी कधी एक डॉलर पाठवला नाही, तो ‘दुरुस्तीने भाव वाढेल’ असे कळताच सबंध छपराचा खर्च पाठवतो. ज्या दोन चुलत्यांत बोलणे नव्हते ते भाव पडू नये म्हणून एकाच झोपाळ्यावर बसतात. आणि आत्या, हिस्सा किती हे पाहण्यास म्हणून येऊन, गणपतीपर्यंत राहते. देवकार्याचे निमंत्रण, आजाऱ्याचे पत्र आणि सामायिक फंड यांना जे जमले नाही ते विक्रीच्या जाहिरातीने जमते. म्हणून दर पाडव्याला किंमत थोडी वाढवावी आणि जाहिरात चालू ठेवावी.

पायरी सातवी : राखीव सही

इतकेही करून एखादा खरेदीदार दाखला, रोकड आणि वकील घेऊन इसाराची पावती मागू लागला, तर अशा प्रसंगासाठी एक सही प्रथमपासूनच बाकी ठेवलेली असावी. तिची निवड विचारपूर्वक करावी. ती व्यक्ती मिळेल अशी आशा वाटण्याइतकी जवळ, आणि मिळू नये इतकी दूर असावी. मुखत्यारपत्र देण्यास तत्त्वतः अनुकूल, परंतु वकिलातीत जाण्यास सवड नसलेली असावी. आणि लहानपणी त्याच घराच्या माळ्यावरून पडल्यामुळे तिचे त्या वास्तूवर विशेष प्रेम असावे. पुढेमागे ती सही करण्यापूर्वीच दिवंगत झाली, तरी विक्रेत्याने धीर सोडू नये. तिला तीन अपत्ये आहेत.